क्रोन्ससाठी 'मेडिकल' गांजा: कुणाला नीट माहिती आहे का?

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. विषय नाजूक आहे, त्यामुळे नाव, कॉलेज वगैरे काही लिहीत नाही.

मी टीवायला आहे, केमिस्ट्री. घर डोंबिवलीत, कॉलेज दक्षिण मुंबईत. एफवायला असताना पोटदुखी, जुलाब, बारीक ताप सुरू झाला. आधी आतड्याचा टीबी समजून टीबीच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला. फरक पडेना म्हणून पुन्हा कोलोनोस्कोपी, पुन्हा बायोप्सी, आणि मग क्रोन्स डिसीज, म्हणजे आतड्याला सतत सूज येत राहणारा आजार, हे निदान. लहान आतड्याचा शेवटचा भाग, टर्मिनल इलियम, सुजलेला आहे. स्टिरॉइड चालू होतं तोवर बरं वाटत होतं. डोस कमी होत गेला तसं दुखणं परत आलं. आता ॲझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, चालू आहे.

लोकलमध्ये टॉयलेट नसतं हे मुंबईकरांना सांगायला नको. त्यामुळे कॉलेजच्या दिवशी मी आदल्या रात्रीपासून जवळपास काहीच खात नाही. प्रॅक्टिकलला तीन-तीन तास उभं राहायचं असतं. टायट्रेशन चालू असताना कळ आली की ब्युरेटचा नॉब बंद करतो, ओट्याच्या कडेला दोन्ही हातांनी धरून वाकून उभा राहतो, आणि कळ ओसरली की पुन्हा पहिल्यापासून रीडिंग घेतो. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं.

होस्टेलवरचा एक मित्र म्हणाला की अमेरिकेत क्रोन्ससाठी गांजा अधिकृतपणे मिळतो. वाचून पाहिलं तर काही राज्यांच्या यादीत क्रोन्स खरंच आहे. मी अजून काहीही घेतलेलं नाही. मित्र म्हणतो, मी आणून देतो.

मला विचारायचंय ते असं. याने आजाराला खरंच उपयोग होतो का? मुंबईत याचा काही कायदेशीर मार्ग आहे का? आणि डॉक्टरांना विचारलं तर ते घरी सांगतील का?

कृपया 'नादी लागू नकोस' एवढंच लिहून जाऊ नका. मला नशा नकोय. रात्री सलग झोप हवीय आणि वर्ष वाया जायला नकोय.

निशिगंधा

बाळा, वाचून पोटात तुटलं. या विषयातलं मला काही कळत नाही, जाणकार लिहितीलच. पण रात्रभर उपाशी राहून गाडीला उभा राहू नकोस रे. दुपारनंतरची लेक्चरं, उशिराची बॅच असं काही होतंय का ते कॉलेजात विचार. तुझ्या वयाचा माझा भाचा आहे, त्याला असं काही असतं तर मी रोज जाऊन कॉलेजात बसले असते.

सह्यकडा

मी फिजिशियन आहे, गॅस्ट्रोचा तज्ज्ञ नाही. पण माझ्याकडे क्रोन्सचे रुग्ण येतात आणि हा प्रश्न हल्ली तरुण मुलं विचारतात, म्हणून जे अभ्यास झालेत ते वाचून ठेवलेत. जरा सविस्तर लिहितो.

यातलं बरंचसं काम इस्रायलमध्ये झालंय, तिम्ना नाफ्ताली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं. २०१३ चा अभ्यास सगळीकडे दाखवला जातो. त्यात एकूण २१ रुग्ण होते, सगळे असे की ज्यांना नेहमीच्या औषधांनी गुण आलेला नव्हता. ११ जणांना टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेल्या गांजाच्या सिगारेटी, १० जणांना टीएचसी काढून टाकलेल्या, आठ आठवडे. लक्षणं बऱ्यापैकी कमी झाली ती ११ पैकी १० जणांची, आणि दुसऱ्या गटात १० पैकी ४ जणांची. हा आकडा वाचून कुणालाही आशा वाटेल. पण आजार पूर्ण शमला का, हे पाहिलं तेव्हा ५ विरुद्ध १ असा निकाल आला, आणि एवढ्या थोड्या रुग्णांत तो फरक योगायोगानेही येऊ शकतो. रक्तातल्या सीआरपीत, म्हणजे सूज दाखवणाऱ्या तपासणीत, म्हणण्यासारखा बदल नव्हता. सिगारेटी बंद केल्यावर लक्षणं परतली.

२०१७ मध्ये त्याच गटाने नुसतं सीबीडी, म्हणजे नशा न आणणारा घटक, १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देऊन पाहिलं. काही उपयोग दिसला नाही. २०२१ मध्ये ५६ रुग्णांवर गांजाच्या तेलाचा अभ्यास आला, त्यात सीबीडी जास्त आणि टीएचसी कमी होतं. हा अभ्यास तुझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. तेल घेणाऱ्यांना बरं वाटलं, रोजचं जगणं सुधारलं. मात्र दुर्बीण घालून आतडं पाहिलं तर सूज आणि व्रण यांच्यात प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं दिखाऊ तेल, घेणाऱ्यांपेक्षा फरक नव्हता. सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यातही ठाम निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा सापडला नव्हता.

असं का होतं? आतड्याच्या मज्जातंतूंवर कॅनाबिनॉइडचे रिसेप्टर असतात. टीएचसीमुळे आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून जुलाब कमी होतात. मळमळ कमी होते, भूक लागते, दुखणं कमी जाणवतं, झोप येते. तुला जे जे हवंय ते सगळं यात आलं, म्हणून तुझा ओढा मी समजू शकतो. पण क्रोन्सचं नुकसान सुजेतून होतं. आतल्या आत सूज चालू राहिली की आतडं अरुंद होतं, भगंदर होतं, छिद्र पडतं. दुखणं थांबलं आणि सूज तशीच राहिली, तर तू ओपीडीला यायचा थांबशील, एवढाच काय तो बदल.

कॅनडातला २०१४ चा एक अभ्यास आहे, ३१३ रुग्णांचा. क्रोन्ससाठी सहा महिन्यांहून जास्त काळ गांजा वापरलेल्यांमध्ये शस्त्रक्रियेचं प्रमाण बरंच जास्त दिसलं. यावरून गांजामुळे शस्त्रक्रिया करावी लागते असं म्हणता येणार नाही. ज्यांचा आजार मुळात जोरात असतो तेच गांजाकडे वळतात, असंही असू शकतं. तरी नोंद घ्यावी असं आहे.

शिस्तप्रिय

व्यसनं अशीच सुरू होतात. आधी औषध म्हणून, मग सवय म्हणून. मित्र बदल, एवढंच सांगेन.

निशिगंधा

शिस्तप्रिय, त्याने घेण्याआधी येऊन विचारलंय. घरात बोलता येत नाही म्हणून इथे विचारलंय. त्याला असं तोडून टाकू नका हो.

फोर्टची_वाट

मी वकील आहे, एनडीपीएसच्या, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या, केसेस सेशन्स कोर्टात पाहते. कायद्याचं मी लिहिते.

एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यातल्या कलम ८ मध्ये वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठी अपवाद ठेवलाय, हे खरं. पण अपवाद फक्त त्या कायद्यात आणि नियमांत सांगितलेल्या पद्धतीने मिळतो. अमेरिकेतल्या काही राज्यांसारखं रुग्णाला कार्ड द्यायचं आणि दुकानातून गांजा घेऊ द्यायचा, अशी पद्धत आपल्याकडे नाही. त्यामुळे तुझा मित्र जे आणून देईल ते बेकायदेशीरच. आजाराचे कागद खिशात असले तरी.

कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. चरस हा राळेचा वेगळा प्रकार. एक किलोपर्यंत गांजा ही 'अल्प मात्रा', चरसला १०० ग्रॅम. अल्प मात्रा म्हणजे माफ, असं कॉलेजच्या मुलांना वाटतं. कलम २० खाली अल्प मात्रेलाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. नुसतं सेवन सिद्ध झालं तर कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय मित्र 'आणून देतो' तेव्हा तो पुरवठा करणारा ठरतो, त्याचं आयुष्यही पणाला लागतं. नोकरीच्या वेळी, पासपोर्टच्या वेळी, परदेशी शिकायला जायच्या वेळी पोलिसांकडची नोंद आडवी येते. तू केमिस्ट्रीचा आहेस, पुढे फार्मा कंपन्यांत जाशील, तिथे तर येतेच.

भांगेची पानं, फुलोरे सोबत नसतील तर, एनडीपीएसच्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून उत्तरेत भांगेचे ठेके असतात. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात भांगेलाही परवाना लागतो. होळीला सगळे पितात म्हणून ते मोकळं आहे असं नाही.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं आणि भारताने त्या बाजूने मत दिलं, हे कुणीतरी तुला सांगेलच. खरं आहे. पण त्याने आपला कायदा बदललेला नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून लिहितोय, मूळचा गिरगावचा. माझ्या मुलीला क्रोन्स आहे. इथे राज्याच्या यादीत हा आजार आहे, पण मित्र सांगतो तसं डॉक्टर गोळीसारखा गांजा लिहून देत नाहीत. डॉक्टर पात्र असल्याचं प्रमाणपत्र देतात, मग कार्ड निघतं, आणि दुकानात जाऊन आपल्या खिशातून घ्यावं लागतं. विमा देत नाही. इथल्या औषध प्रशासनाने, एफडीएने, गांजाच्या झाडापासून काढलेलं सीबीडी २०१८ मध्ये मंजूर केलं, पण ते अपस्माराच्या दुर्मीळ प्रकारांसाठी. क्रोन्ससाठी तशी मंजुरी नाही.

आम्ही मुलीच्या गॅस्ट्रोला विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बायोलॉजिकच्या, म्हणजे सूज मुळात रोखणाऱ्या, इंजेक्शनच्या जागी म्हणून विचारत असाल तर नाही. तिचं आजही इंजेक्शनच चालू आहे आणि ती धावायला जाते.

आणि एक कळकळीने सांगतो, कुणा नातेवाइकाला इथून गमीज किंवा तेल आणायला सांगू नकोस. विमानतळावर तो माणूस अडकेल.

घाटमाथा

मी थोडं वेगळं लिहिणार आहे. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार, आहे, क्रोन्स नाही. मेसालामाइन हे सुजेचं औषध चालू आहे आणि त्याच्या जोडीला वैद्यांनी लिहून दिलेलं विजयेचं, म्हणजे भांगेचं, तेल गेलं वर्षभर घेतोय. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना असलेलं, चिठ्ठीवर मिळतं. मला झोप लागते. पोटातली ओढ कमी झाली. दर काही महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी) करतो, ते काबूत आहे, पण ते मेसालामाइनमुळे की तेलामुळे हे मी सांगू शकत नाही.

सगळ्यांनी मिळून पोराला फक्त घाबरवू नये, म्हणून लिहिलं. वेदना हीसुद्धा खरी गोष्ट आहे. रिपोर्ट चांगला आला म्हणून ज्याला दुखतंय त्याचं दुखणं खोटं ठरत नाही.

सह्यकडा

घाटमाथा, शेवटच्या दोन वाक्यांशी शंभर टक्के सहमत. आम्ही डॉक्टर मंडळी यात कमी पडतो.

वैद्य_मीरा

विजयेचा विषय निघाला म्हणून लिहिते. भावप्रकाश निघंटू या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात भांगेला ग्राही (मल बांधणारं) आणि पाचन म्हटलंय. ग्रहणी आणि अतिसारात दिलं जाणारं जातीफलादि चूर्ण तर भांग घालूनच होतं. त्यामुळे हे काही नव्याने परदेशातून आलेलं नाही. औषधी कायद्याच्या नियमांत भांग अनुसूची ई-१ मध्ये आहे, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत. अशा औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना असलीच पाहिजे. फोर्टची_वाट यांनी सांगितलेल्या चौकटीत मुंबईत कायदेशीर मार्ग म्हणायचा तर हा एवढाच.

तरीही, खाडीपलीकडे, तू माझ्या दवाखान्यात आलास तर आज मी तुला ते देणार नाही. कारण तुझा आजार सध्या आटोक्यात नाही आणि ॲझाथायोप्रिन चालू आहे. सीबीडीच्या मोठ्या मात्रेने यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, ॲझाथायोप्रिननेही वाढू शकतात. दोन्ही एकत्र असताना रिपोर्ट बिघडला तर दोष कुणाचा हे ना मला कळेल ना तुझ्या गॅस्ट्रोला. ग्राही द्रव्य मल बांधतं. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर तिथे नेमकं हेच नको असतं. व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं बोलून चिठ्ठी देणारेही आहेत, त्यांच्याकडे तर जाऊच नकोस. तुझे सगळे कागद पाहणारा वैद्य आणि तुझा गॅस्ट्रो एकमेकांना माहीत असले पाहिजेत.

ऑनलाइन 'हेम्प' म्हणून बिया आणि बियांचं तेल मिळतं, त्याला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली आहे. तो आहार झाला, औषध नाही. त्याने दुखणं थांबेल या आशेने पैसे घालवू नकोस. अख्ख्या बिया तर सध्या टाळच.

कोयनामाई

माझ्या धाकट्या भावाचं लिहिते, त्याला विचारून लिहितेय. त्याला अकरावीत क्रोन्स निघाला. इंजिनिअरिंगला पुण्यात होता तेव्हा तो रोज रात्री ओढायचा. फोनवर म्हणायचा, ताई, मी एकदम मस्त आहे. आणि खोटं नव्हतं ते, त्याला खरंच बरं वाटत होतं. वजन थोडं वाढलं होतं, आई खूश होती. त्यामुळे तपासण्या राहिल्या, गोळ्याही अधूनमधून राहिल्या.

शेवटच्या वर्षी पोट फुगून उलट्या सुरू झाल्या. इथेही एक गोंधळ झाला. गांजा बराच काळ ओढणाऱ्यांना वारंवार उलट्या होण्याचा एक विकार असतो म्हणे, गरम पाण्याने आंघोळ केली की तात्पुरतं बरं वाटतं. आधी तोच असावा असं वाटलं. सीटीत दिसलं की आतड्याचा तुकडा अरुंद होऊन बंद झालाय. तेवढा भाग काढावा लागला. गांजामुळे अरुंद झालं असं कुठल्याही डॉक्टरांनी म्हटलं नाही. कळायला उशीर झाला, एवढं मात्र म्हणाले. आता तो बरा आहे, बेंगळुरूला नोकरी करतो, इंजेक्शन घेतो.

तुझा मित्र वाईट आहे असं मला अजिबात वाटत नाही. माझ्या भावाचे मित्रही वाईट नव्हते. हॉस्पिटलात रात्रभर तेच बसले होते.

खाडीपलीकडे

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कोयनामाई, भावाला माझा नमस्कार सांगा.

२०२१ च्या अभ्यासाचं वाचल्यावर बऱ्याच गोष्टी स्पष्ट झाल्या. पण सह्यकडा सर, तिसरा प्रश्न राहिला. डॉक्टरांसमोर 'गांजा' हा शब्द काढायचा कसा? प्रत्येक वेळी बाबा सोबत असतात. आणि दुखणं असह्य होतं तेव्हा आत्ता मी काय करू? मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणतो कधीकधी.

सह्यकडा

आधी शेवटचं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं क्रोन्समध्ये आजार भडकवू शकतात. आजपासून बंद. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सुरक्षित आहे, किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचार. तंबाखू, सिगारेट तर नकोच. क्रोन्समध्ये धूम्रपानाने आजार बिघडतो हे पक्कं ठाऊक आहे, आणि आपल्याकडे गांजा बहुतेक वेळा तंबाखूत मिसळूनच ओढतात. तुझी प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली आहे. उघड्यावर सुकवलेल्या, दमट पुडीतल्या मालात बुरशी असते, ती तुझ्या फुफ्फुसात जायला नको.

पोट फुगलं, वारा सरेना, उलट्या होऊ लागल्या किंवा ताप चढला, तर घरी थांबू नकोस. थेट कॅज्युअल्टी.

आता डॉक्टरांशी बोलण्याचं. तू १८ च्या वर आहेस. रुग्णाने सांगितलेलं गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. आत गेल्यावर सरळ म्हण, 'सर, मला दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय.' आम्हाला हे नवीन नसतं. बाबांना बाहेर बसायला आम्हीच सांगतो. मग म्हण, 'दुखणं सहन होत नाही, झोप नाही, म्हणून मी गांजाचा विचार करत होतो. अजून घेतलेला नाही.' हे वाक्य ऐकून चांगला डॉक्टर चिडणार नाही. या मुलाची ट्रीटमेंट पुरेशी नाही, हे त्याला त्यातून कळेल. पुढे कधी घेतलास तरी सांग, कोलोनोस्कोपीची भूल देणाऱ्यालाही सांग, कारण भुलीच्या औषधाचं गणित त्याने बदलू शकतं. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर तेही सांग. तुझ्या वयात टीएचसीचा मेंदूवर परिणाम जास्त होतो, आणि अशा घरांत धोका आणखी वाढतो.

ॲझाथायोप्रिनचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तुझी तेवढी वाट पाहून झाली असेल तर स्पष्ट विचार: सूज आत्ता किती आहे? मोजणार कशी? औषध बदलायची वेळ आली का?

विलेपार्ले_पूर्व

मी एका कॉलेजात शिकवतो. प्रॅक्टिकलला स्टूल मिळणं, मध्येच बाहेर जायची मुभा, आणि ७५ टक्के हजेरीतून वैद्यकीय कारणाने सूट, हे सगळं मागता येतं. गॅस्ट्रोच्या लेटरहेडवर आजाराचं नाव आणि नेमकी काय सवलत हवी हे लिहून घे, एचओडींना आणि ऑफिसला एकेक प्रत दे, पोच घे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गेलास तर धावपळ होते, आत्ताच जा. आम्हा शिक्षकांना मुलगा ओट्याला धरून का उभा आहे हे कळत नाही. सांगितलं तर बहुतेक जण मदत करतात.

खाडीपलीकडे

ओपीडीला जाऊन आलो. एकट्याने बोललो. सर चिडले नाहीत. म्हणाले, आत्ता नको, आधी आग किती आहे ते बघू.

कॅलप्रोटेक्टिन बरंच वाढलेलं आलं. एमआर एन्टेरोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसतेय, पण रस्ता बंद नाही. अडालिमुमॅबचं इंजेक्शन सुरू करायचं म्हणतात. त्याआधी टीबी दडून बसलेला नाही ना यासाठी छातीचा एक्स-रे आणि रक्ताची इग्रा तपासणी, मागे टीबीचा कोर्स झाला असला तरी. काही लसीही आधी घ्यायच्या आहेत. बी-१२ आणि लोह कमी आहे, ते सुरू झालं. झोपेसाठी आणि पोटातल्या कळांसाठी वेगळी गोळी दिलीय, दोन रात्री बरी झोप लागली.

बाबांना बाहेर आल्यावर मीच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. परतीच्या गाडीत त्यांनी मला खिडकी दिली आणि स्वतः मुलुंडपर्यंत उभे होते.

आता काळजी पैशांची आहे. इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी, किती वर्षं ते माहीत नाही. बाबांची खाजगी नोकरी आहे.

कोयनामाई

बायोसिमिलर, म्हणजे मूळ इंजेक्शनसारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध, आहे का ते विचार. अडालिमुमॅबचं भारतीय बायोसिमिलर झायडसने २०१४ मध्येच आणलं, आता इतरही कंपन्यांची आहेत, मूळ ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त. बऱ्याच कंपन्यांचे रुग्ण सहाय्य कार्यक्रम असतात, डॉक्टरांकडेच फॉर्म असतो. आम्हाला तसाच मिळाला.

सह्यकडा

आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, केईएम, सायन, नायर, समाजसेवा अधीक्षकांचं कार्यालय असतं. ट्रस्टची मदत तिथूनच मिळते. बाबांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, निदानाचे कागद आणि इंजेक्शनच्या खर्चाचं अंदाजपत्रक डॉक्टरांच्या सही-शिक्क्याने घेऊन सकाळी लवकर जा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला वेळ लागतो, तो उद्याच टाका.

निशिगंधा

सायनला माझी मैत्रीण परिचारिका होती, तिला तिथलं कार्यालय माहीत आहे. व्यक्तिगत निरोप पाठवते तुला.